कंपनीचा टायर की मोठा टायर? पांदणीला विचारा!

नागपूरहून अमरावतीकडे निघालं आणि कोंढाळी मागे पडली की कारंजा (घाडगे) येतं. महामार्गावर आहात तोवर गाडीला कोणते टायर आहेत याची आठवणही येत नाही. पण एकदा शेताकडे वळा. पांदण सुरू होते. दोन चाकोऱ्या, मधे गवताचा पट्टा, दोन्ही अंगांनी बाभळी. ऑगस्टात चाकोऱ्यांत पाणी भरलेलं असतं आणि त्या पाण्याखाली चिखल वीतभर आहे की हातभर, हे रोज जाणाऱ्या माणसालाच ठाऊक असतं.

माझ्या मामेभावाची थार अशाच एका पांदणीत उभी राहिली. गाडी नवी, फोर बाय फोर. टायर मात्र कंपनीचे काढून बाहेरून टाकलेले. मोठे, रुंद, जाड गोट्यांचे. बागेत संत्र्याची फळगळ सुरू होती म्हणून फवारणीचं औषध घेऊन आम्ही निघालो होतो. दोनशे पावलं गेलो असू, तोच चारही चाकं जागच्या जागी फिरू लागली. उतरून पाहिलं तर टायरच्या गोट्याच दिसेनात! काळ्या मातीने त्यांच्यामधल्या सगळ्या फटी लिंपून टाकल्या होत्या. एवढा नक्षीदार टायर, पण चाकावरच्या ओल्या मडक्यासारखा गुळगुळीत झालेला.

बांधावरून एक काका आले. सगळा जन्म ट्रॅक्टरवर गेलेला माणूस. गाडीकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही, थेट चाकाशी उकिडवे बसले.

"हवा किती हाय?"

"पस्तीस."

"थे वीस करा आंधी. मंग पाहू."

काडीने व्हॉल्व्ह दाबून चारही चाकांची हवा सोडली. टायरचं पोट जमिनीवर पसरलं. पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम दाबून, गाडी इंचाइंचाने निघाली. ज्या टायरवर मामेभावाने एवढा खर्च केला होता त्याने जे जमलं नाही, ते एका काडीने जमलं. तेव्हापासून मला टायरचा नाद लागला. टायरवाले, ट्रॅक्टरवाले, बंडीची चाकं बांधणारे, सगळ्यांना विचारून झालं. त्यातून हाती लागलेल्या गोष्टी एवढ्या मजेशीर आहेत की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एका ओळीत तीन मापं

१६ इंची रिमच्या थारला कंपनीकडून येणारा टायर २४५/७५ आर १६ या मापाचा असतो. या एवढ्याशा ओळीत तीन वेगळी मापं नांदतात. २४५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ हे टक्के, म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. १६ हा रिमचा व्यास, इंचांत. आणि मधला 'आर' त्रिज्येचा नव्हे, रेडियलचा. टायरच्या आतल्या दोऱ्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडव्या टाकायच्या, ही रेडियलची युक्ती. मिशेलिनने तिचं पेटंट १९४६ साली घेतलं.

आता पाटीवर गणित मांडू. २४५ चे ७५ टक्के म्हणजे साधारण १८४ मि.मी. ही भिंत वरही आहे आणि खालीही, म्हणून दुप्पट. त्यात १६ इंचांचे ४०६ मि.मी. मिळवले की टायरची पूर्ण उंची येते सुमारे ७७४ मि.मी. मामेभावाने टाकलेला टायर २६५/७५ आर १६, त्याची उंची ८०४. म्हणजे टायर ३० मि.मी.ने मोठा झाला. पण गाडी टेकलेली असते चाकाच्या मध्यावर. म्हणून गाडी उचलली जाते त्याच्या निम्मीच, १५ मि.मी. थारचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनी २२६ मि.मी. सांगते, तो २४१ झाला. चार टायर आणि पाचवी स्टेपनी बदलून गाडी उचलली गेली ती करंगळीच्या रुंदीएवढी!

तरी या करंगळीला मी कमी लेखणार नाही. लिफ्ट किट बसवलं की गाडीची बॉडी वर जाते, पण मागच्या आखाच्या मधला डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच लोंबत राहतो. तो गोळा जमिनीपासून उचलायचा तर टायर मोठा करण्यावाचून दुसरा सोपा उपाय नाही. गरमसूरकडच्या चढावर काळे धोंडे उघडे पडलेत. तिथे रोज जाणं-येणं असलेल्याला करंगळीभर उंचीही तारून नेते. ज्याची गाडी आठ दिवस महामार्गावर आणि एक दिवस बागेत, त्याने मात्र या हौसेआधी थोडं थांबावं.

टायर हा शब्द रबराआधीचा

आपल्या विदर्भाच्या बंडीचं चाक आठवा. उभं केलं तर माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच, आणि जमिनीला टेकतं ते दोन-तीन बोटं रुंदीच्या लोखंडी पट्टीवर. त्या पट्टीला आपल्याकडे धाव म्हणतात. इंग्रजीतला टायर हा शब्दही मुळात याच लोखंडी पट्टीसाठी होता. चाकाला घातलेला पेहराव, अशा अर्थाचा तो शब्द. रबर त्याच्या वाट्याला फार उशिरा आलं. तेव्हा धाव आणि टायर हे सख्खे भाऊ, आणि आपली धाव त्यातली थोरली म्हणायला माझी तरी हरकत नाही.

धाव चढवताना पाहणं म्हणजे जत्राच. मधे तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना वर्तुळ पुरं करणारे लाकडी तुकडे. हे सगळं सुताराने जुळवलेलं. लोहार पट्टीचं कडं वळतो, पण चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडं लहान. मग गोवऱ्यांचा जाळ रचून त्यात ते कडं तापायला ठेवायचं. लाल झालं की दोघा-तिघांनी लांब चिमट्यांनी उचलून आणायचं आणि जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकावर घालायचं. घणाचे ठोके पडतात, लाकूड धुरायला लागतं, पोरं मागे सरतात. लगेच घागरी ओतल्या जातात. चर्र आवाज, वाफेचा लोट, आणि त्या वाफेत सगळे सांधे कडकड आवळले जातात. खिळा लागत नाही, सरस लागत नाही. साडेचार मीटर घेराचं लोखंडी कडं ५०० अंशांनी तापवलं तर ते सुमारे २७ मि.मी. लांबतं आणि थंड होताना तेवढंच आकसतं. लोहाराने हा हिशोब कागदावर कधी मांडला नसेल, त्याच्या हातात मात्र तो पक्का होता.

आता त्या चाकाचा घाट पाहा. उंच, पण अरुंद. उंच अशासाठी, की लहान चाक खड्ड्यात पडतं आणि मोठं चाक खड्डा ओलांडून जातं. अरुंद अशासाठी, की वरचा चिखल चिरून खालच्या कडक मुरमावर टेकावं. थार, जिप्सी, पिकअप यांच्या फार आधी इथल्या माणसाने इथल्या मातीसाठी चाकाचं माप ठरवून ठेवलं होतं. मोठ्या टायरची हौस करणाऱ्यांनी त्यातलं 'उंच' तेवढं घेतलं आणि 'अरुंद' विसरले, असं मला वाटतं.

पुढे मोटारीचे जुने टायर लावलेली बंडी आली. डांबरी रस्त्यावर ती बैलांना ओढायला हलकी जाते, धक्के कमी बसतात, माल जास्त मावतो. बैलांच्या जिवाला ते सुखाचं झालं आणि ते बरंच झालं.

काळी माती कपाशीला माय, गाडीला सासू

आपली जमीन बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. ती पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल धरून ठेवते म्हणून कपाशीला ती प्यारी. पण पावसात तीच माती चप्पल पायातून ओढून घेते. चाकाचं काय सांगावं!

मड-टेरेन म्हणजे एम.टी. टायरच्या गोट्यांमध्ये मोठ्या फटी ठेवतात त्या चिखल बाहेर फेकला जावा म्हणून. पण चिखल फेकायला चाक जोरात फिरावं लागतं. आपण पांदणीत सावकाश जातो, आणि आपली माती इतकी चिवट की सावकाश फिरणाऱ्या चाकाला ती सोडतच नाही. मामेभावाच्या टायरचं मडकं झालं ते यामुळे.

रुंद की अरुंद, याचं उत्तर वावरागणिक बदलतं. उतारावरच्या जमिनीत माती वीत-दीडवीत, खाली मुरूम. तिथे अरुंद टायर चिखल चिरून मुरमाला लागतो आणि गाडी पुढे काढतो. रुंद टायर त्याच चिखलावर तरंगतो, पण त्याला धरायला काही मिळत नाही. कार नदीच्या किंवा नाल्याच्या काठाला माती खोल. तिथे खाली तळच लागत नाही. अरुंद टायर आखापर्यंत आत जातो, आणि रुंद टायर हवा कमी करून चालवला तर वरच्यावर निघून जातो. एकाच तालुक्यात, कधी एकाच शेतात, दोन्ही प्रकार. टायर घेण्याआधी पांदणीत फावड्याने एक खड्डा खणून पाहावा, दुकानदार सांगणार नाही ते तो खड्डा सांगेल.

आणि काटे? बाभळीचा, हिवराचा काटा तर आहेच. पण टायरवाल्यांच्या तोंडी जास्त तक्रार असते ती खुंटांची. पऱ्हाटी कापली, तुरी कापल्या की जमिनीत बोटभर तिरपे खुंट उरतात आणि वाळून खिळ्यासारखे होतात. ते टायरच्या तळाला एवढा त्रास देत नाहीत जेवढा कडेच्या भिंतीला देतात. तळाचं पंक्चर निघतं, भिंत फाटली तर टायर गेला. म्हणून नवा टायर घेताना गोट्यांचा आकार बघण्याआधी भिंत किती थरांची आहे ते विचारावं. चांगल्या ऑल-टेरेन म्हणजे ए.टी. टायरला कंपनीच्याच मापात जाड भिंत मिळते. माप तेच, रिम तोच, फक्त अंगरखा जाड.

पोस्टकार्डावर उभी गाडी

आता काकांच्या काडीकडे येऊ. १,६०० किलोची गाडी चार चाकांवर उभी, म्हणजे एका चाकावर ४०० किलो. टायरमध्ये ३५ पीएसआय हवा म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो. भागाकार केला की प्रत्येक टायर साधारण १६० चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकतो. टपालाचं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं, म्हणजे १२६. अख्खी गाडी चार पोस्टकार्डांपेक्षा थोड्याशाच मोठ्या जागेवर उभी असते!

हवा वीस केली की हेच क्षेत्र होतं जवळजवळ २८० चौरस सेंटिमीटर. पावणेदोन पट. टायरची भिंत स्वतःही थोडा भार पेलते म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा इकडेतिकडे होतो, पण चाल हीच. रुंदी फारशी वाढत नाही, ठसा लांब होतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. २४५ चा टायर काढून २६५ चा घालून हे साधत नाही, कारण तेवढंच वजन आणि तेवढीच हवा असेल तर जमिनीवर टेकणारं क्षेत्र जवळपास तेवढंच राहतं, फक्त त्याचा आकार बदलतो. हे कळलं तेव्हा मला काकांच्या पाया पडावंसं वाटलं.

आइसलँडमध्ये हीच विद्या टोकाला नेली आहे. तिथली आर्क्टिक ट्रक्स ही मंडळी टोयोटा हायलक्सला ३८ इंची आणि त्याहून मोठे टायर लावतात आणि भुसभुशीत बर्फावर हवा अगदी दोन-चार पीएसआयपर्यंत उतरवतात. त्यांनीच तयार केलेल्या गाड्या २००७ साली चुंबकीय उत्तर ध्रुवाच्या १९९६ सालच्या जागेपर्यंत जाऊन आल्या. मोठा टायर तिथे शोभतो, कारण त्याच्या पोटात हवा कमी ठेवता येते.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवायचं. पांदणीतून बाहेर आलं की डांबराला चाक लागण्याआधी हवा परत भरायची. कमी हवेचा टायर वेगात सारखा दबतो-फुगतो, आतून तापतो आणि फुटतो. आपल्याकडचा मे महिना, ४५ अंशांवरचं ऊन, खाली समृद्धी महामार्गाचं काँक्रीट आणि १२० चा वेग, अशा वेळी वीसची हवा म्हणजे जिवाशी खेळ. हवा मोजायची ती सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की हवा साधारण एक पीएसआयने वाढते. दुपारी तापलेल्या टायरमध्ये ३८ दिसले म्हणून सोडून ३२ केले तर दुसऱ्या सकाळी टायर उपाशी.

जीप आणि ट्रॅक्टर एका मापाचे

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. वाळवंट, चिखल, बर्फ, सगळीकडे त्या फिरल्या. त्यांच्या टायरचं माप होतं ६.००-१६. सहा इंच रुंद आणि उंच, बंडीच्या चाकाचा घाट! आता आपल्या गावातल्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक पाहा. त्यावरही बहुतेक वेळा हेच छापलेलं सापडेल, ६.००-१६. युद्ध जिंकायला गेलेलं माप आणि कारंज्याच्या बागेत वखरणी करणारं माप एकच. (एकाचा टायर दुसऱ्याला लावायचा नाही, ट्रॅक्टरचा टायर महामार्गाच्या वेगासाठी बनवलेला नसतो.)

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरच्या जाड पट्ट्या वरून पाहिल्या तर बाणासारख्या दिसतात. तो बाण चाक फिरण्याच्या दिशेने असावा लागतो, म्हणजे बाणाचं टोक आधी जमिनीत घुसतं आणि चिखल मधून कडेला ढकलला जातो. घाईत टायर उलटा बसला की चिखल मधेच कोंडतो आणि ट्रॅक्टर जागेवर खणत बसतो. त्या टायरमध्ये शेतकरी पाणीही भरतात. व्हॉल्व्ह वर आणायचा, नळी लावायची आणि पोटाचा तीन-चतुर्थांश भाग पाण्याने भरून उरलेल्यात हवा. चाक जड झालं की नांगर ओढताना घसरत नाही. थंड देशांत ते पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात, आपल्या विहिरीच्या पाण्याला ती चिंता नाही.

काटा खोटा बोलायला लागतो

टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, पण मीटरला ते कळत नाही. मामेभावाच्या टायरने फरक पडला जवळजवळ ४ टक्के. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ ने पळत असते. आणखी गंमत म्हणजे, खरे १०० किलोमीटर झाले तरी मीटर ९६ च मोजतो. "मोठे टायर टाकले आणि अ‍ॅव्हरेज पडलं" असं जे ऐकू येतं, त्यातलं थोडं पडणं नुसतं मीटरच्या मोजणीतलं असतं! बाकीचं मात्र खरं. जड चाक फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो, ब्रेक तेच राहतात, आणि प्रत्येक गिअर थोडा उंच झाल्यासारखा होतो. चढावर, भरल्या गाडीत, ते पायाला जाणवतं. पूर्ण स्टिअरिंग कापलं की टायर मडगार्डला घासतो तो वेगळाच.

आर.सी. बुकात काय लिहिलंय?

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात सांगितलं, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणून माझा सल्ला सरळ आहे. आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी जो टायर देते, त्याच्या पुढे जाऊ नये. थारला कंपनीच १८ इंची रिमवर २५५/६५ आर १८ देते, त्याची उंची ७८९ मि.मी. १६ इंचीपेक्षा पंधराने उंच. म्हणजे कंपनीने स्वतःच अर्धी हौस भागवून ठेवली आहे. त्यातही काही बदलायचं तर आधी आर.टी.ओ. आणि विमा कंपनीला विचारून.

कंपनी माप ठरवते ते वजन, ब्रेक, वळण, गिअर सगळं एकत्र तोलून. जास्त माल उचलणाऱ्या पिकअपला ७.०० आर १५ सारखा उंच, अरुंद, जाड थरांचा टायर मिळतो तो उगीच नाही. आंबिया बहाराची संत्री पावसाळा सरता सरता तोडणीला येतात, तेव्हा जमीन अजून ओली असते आणि कॅरेट भरलेली पिकअप त्याच पांदणीतून बाहेर काढायची असते. तिचा टायर पाहा, दिसायला काही नाही. गाडी मात्र निघते.

बोरच्या जंगलातही हेच. १९७० पासूनचं अभयारण्य, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालं. तिथे पर्यटकांना फिरवणारी जिप्सी १९८५ साली बाजारात आली. टनाच्या आसपास वजन आणि साधे अरुंद टायर. हलकी म्हणून ती पार होते. जाड गोट्यांचा टायर रस्त्यावर घुमतो, आणि वाघ बघायला निघालेल्या गाडीने घुमत जाऊ नये.

भराभर

रबर मुळात दुधासारखं पांढुरकं. त्यात काजळी म्हणजे कार्बन ब्लॅक घातली की टायर झिजायचा कमी होतो, म्हणून टायर काळा. मिशेलिनचा गुबगुबीत टायरमानव १८९८ साली जन्मला तो या काळ्या रंगाच्या आधी, म्हणून तो अजून पांढरा.

हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसनने १८४५ सालीच घेतलं होतं. जग विसरून गेलं. ४३ वर्षांनी बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तोच शोध पुन्हा लावला आणि नाव त्याचं झालं.

टायरमध्ये नायट्रोजन भरून घ्या म्हणतात. साध्या हवेत तो ७८ टक्के आधीच असतो.

टायरवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात 'नवा' म्हणून हाती आलेला टायर किती वर्षं गोदामात पडून होता, ते तिथे कळतं. नक्षी १.६ मि.मी.च्या खाली झिजली की चारचाकीचा टायर कायद्याने बाद.

रबराची झाडं केरळातच असतात असं नाही. आपल्या सिंधुदुर्गातही मळे आहेत.

आणि हौसेची कमाल म्हणजे अमेरिकेतला बिगफूट ५. १९८६ साली त्याला दहा फुटी टायर लावले. ते टायर मूळचे अलास्कात सैन्यासाठी बनवलेल्या, बर्फावरून चालणाऱ्या गाड्यांच्या माळेचे.

स्टेपनी, आणि परत पांदण

स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लनेली गावाच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास मोटारी जादा चाकाशिवायच विकल्या जात. तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक बनवून विकायला सुरुवात केली, आणि एका गल्लीचं नाव आपल्या प्रत्येक गॅरेजमध्ये येऊन बसलं.

मोठे टायर टाकताना हीच स्टेपनी बहुतेक जण विसरतात. चार टायर मोठे आणि पाचवा कंपनीचा. फोर बाय फोर लावून चालताना एक चाक ३० मि.मी. लहान असेल तर ते इतरांपेक्षा जास्त फेरे मारू पाहतं, आणि पुढच्या-मागच्या आखांची ओढाताण गिअरच्या पेटीला सोसावी लागते. पाचवाही मोठा घेतला तर तो मागच्या दारावर लटकतो, आणि त्याचं वाढीव वजन बिजागऱ्या रोज उचलतात.

मामेभावाने यंदा रुंद टायर काढून टाकले. परत २४५/७५ आर १६, पण ए.टी. नक्षीचे आणि जाड भिंतीचे. पाचही सारखे. उरलेल्या पैशात हवेचा छोटा पंप आणि एक चांगला गेज, दोन्ही सीटखाली. पांदणीच्या तोंडाशी गाडी थांबवून तो उतरतो, चारही व्हॉल्व्हच्या टोप्या खिशात टाकतो आणि गेज लावून बसतो. मागच्या आठवड्यात काका बांधावरच होते.

"किती ठेवली?"

"वीस."

"अठरा कर. राती पानी आल्तं."